दोनदा लिहिलेली ओळ

या, जरा जवळ सरकून बसा. दाराशी टेकलेत त्यांनीही पुढे यावं, जागा आहे. आजची गोष्ट ओरडून सांगण्यासारखी नाही. देव ज्याच्या हाती जे काम देतो, त्याच कामाच्या आडून कधीतरी त्याला हाक मारतो म्हणतात. एका बाईला ही हाक भर दुपारी, जेवणाच्या टेबलाशी, अर्धी पोळी ताटात असताना आली. तिचं काय झालं ते ऐका.

बाईला घरात आत्या म्हणत. चौतीस वर्षं तिनं छापखान्यात मुद्रितं तपासली. ओल्या शाईच्या कागदावर लाल पेन घेऊन बसायचं आणि दुसऱ्यांच्या चुका वेचायच्या, हाच तिचा संसार. लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यावर भाचीकडे राहायला आली. भाची दातांच्या दवाखान्यात मदतनीस. पहिल्याच महिन्यात ती म्हणाली, "आत्या, तू औषधाच्या खोक्यावरच्या चुका लाल पेनानं दुरुस्त करतेस, हे बरं लक्षण नाही. तुला काहीतरी काम शोधायला हवं."

काम शोधलं ते असं. जगात काही सॉफ्टवेअर अशी असतात की ती कुणा एकाच्या मालकीची नसतात. चार देशांतली चाळीस माणसं मिळून ती लिहितात, उघड्यावर ठेवतात, आणि ज्याला हवी तो फुकट नेतो. अशाच एका सॉफ्टवेअरवर भाचीच्या दवाखान्यातला औषधांचा फ्रीज चालायचा. आत बसवलेला छोटा तापमापक संगणकाला दर मिनिटाला आकडा सांगतो, आणि आकडा बिघडला की भोंगा वाजतो. आत्याला सॉफ्टवेअर लिहिता येत नव्हतं. पण ते कसं वापरावं हे सांगणारी जी माहितीपुस्तिका ऑनलाइन होती, ती तिनं वाचली आणि तिच्या तोंडून "अरे देवा" निघालं. तिसऱ्या पायरीनंतर थेट पाचवी. एका चित्राखाली दुसऱ्याच चित्राचं वर्णन. "वरील बटण" म्हणायचं आणि बटण खाली.

तेव्हापासून रोज सकाळची पूजा आटोपली की आत्या संगणकापुढे. बारीकसारीक दुरुस्त्या सुचवायच्या, प्रकल्पातल्या दुसऱ्या कुणीतरी त्या पाहून मान्य करायच्या, मग त्या पानावर चढायच्या. पाच वर्षांत अकराशे चाळीस दुरुस्त्या झाल्या, आणि एकही कुणी परत पाठवली नाही. सॉफ्टवेअरचा मुख्य भाग ज्यानं लिहिला त्याला सगळे मिस्त्री म्हणत. त्यानंच आत्याला नाव ठेवलं, रंधा. "लिहा कसंही," तो नव्या लोकांना सांगायचा, "रंध्याखालून गेलं की गुळगुळीत होतं." आत्या वरवर रागवायची. पण ती पाटी तिनं मनात कुठेतरी ठोकून ठेवली होती, हे खरं.

तर त्या दुपारी पावणेएकला भाची पोळ्या वाढत होती आणि आत्या जेवता जेवता प्रकल्पाच्या चर्चापानावर नजर फिरवत होती.

"जेवताना तरी ते बंद कर," भाची म्हणाली.

"एवढं एकच वाचते."

ते एकच असं होतं. प्रश्न विचारणारा होता एका छोट्या इस्पितळातला तंत्रज्ञ. चर्चापानावर त्यानं नाव घेतलं होतं थंडोबा. त्याच्याकडे दूधपेढी होती. ज्या आयांना दूध जास्त येतं त्या ते देतात, ते बाटल्यांत गोठवून ठेवतात, आणि दिवस भरायच्या आत जन्मलेल्या, मुठीएवढ्या बाळांना देतात. थंडोबानं लिहिलं होतं: "नवी आवृत्ती बसवली. पुस्तिकेतल्या सगळ्या पायऱ्या छापून घेऊन, एकेक खूण करत केल्या. पडद्यावर हिरवा दिवा आहे, उणे वीस आकडा आहे. फक्त कोपऱ्यात पूर्वी घंटेचं चित्र असायचं ते दिसत नाही. पुस्तिकेत घंटेबद्दल काही नाही, म्हणजे नव्यात काढली असावी. मी निघतो आता. दोन दिवस पेढी बंद. परवा भेटू."

वेळ बारा वाजून दहा मिनिटं.

त्याच्याखाली मिस्त्रीनं दोन मिनिटांपूर्वी लिहिलं होतं: "घंटा काढलेली नाही. घंटा नसेल तर भोंगा बंद आहे, आणि आकडाही जुनाच दिसत राहतो. सॉफ्टवेअर दोनदा बंद-चालू करावं लागतं. पहिल्यांदा ते नवी मांडणी लिहून ठेवतं, दुसऱ्यांदा ती वाचतं. पुस्तिकेत ही ओळ मुद्दाम दोनदा आहे. थंडोबा, तुम्ही दोनदा केलंत का?"

थंडोबाचं उत्तर नव्हतं. तो निघून गेला होता.

आत्याच्या हातातला घास ताटात परत गेला. तिनं पुस्तिकेचं पान उघडलं. सहावी पायरी, "सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा सुरू करा." सातवी पायरी, "खोलीचा दिवा बंद करण्यापूर्वी पडदा पाहा." बंद-चालूची ती ओळ एकदाच होती.

कुणी काढली ते कळायला तिला दुरुस्त्यांची नोंद उघडायची गरज नव्हती. तरी तिनं बघितलं. तीन आठवड्यांपूर्वी, मंगळवारी सकाळी. दुरुस्ती करणाऱ्याचं नाव, रंधा. कारण, "एकच ओळ दोनदा आली आहे, एक वगळली."

छापखान्यात ही सगळ्यात नेहमीची चूक. खिळे जुळवणारा जुळारी दमला की एकच ओळ दोनदा जुळवतो. चौतीस वर्षांत आत्यानं अशा हजारो ओळी लाल रेघ मारून उडवल्या असतील. तिची नजर त्या ओळीवर थांबलीसुद्धा नव्हती. हात आपोआप चालला होता.

"काय झालं?" भाचीनं विचारलं. "चेहरा बघ तुझा."

आत्यानं तिला सगळं सांगितलं. भाचीनं दोनदा ऐकून घेतलं, मग गॅस बंद केला.

"म्हणजे आत्ता तो फ्रीझर बिघडला तर?"

"तर कुणाला कळणार नाही. दोन दिवस."

"पण बिघडला आहे असं कुठे आहे? तुझी आपली सवयच आहे."

"बिघडला नसेलही. पण मला माहीत नाही ना."

भाची खुर्ची ओढून शेजारी बसली. "ओळ परत टाक आधी."

आत्यानं टाकली. मिस्त्रीनं मिनिटभरात मान्य केली. पण त्याचा काय उपयोग? थंडोबानं पान छापून घेतलं होतं. छापलेला कागद म्हणजे हातातून सुटलेला बाण, हे आत्याला कुणी शिकवायला नको. तिनं थंडोबाला खासगी निरोप पाठवला, पत्र पाठवलं. मिस्त्रीनंही पाठवलं. पलीकडून चिडीचूप.

"त्याचं खरं नाव? इस्पितळ कुठलं?" भाचीनं विचारलं.

"कुणालाच माहीत नाही. तिथे सगळे असेच असतात. मला तरी कोण ओळखतं?"

"धन्य आहात तुम्ही लोक."

आत्या थंडोबाचे जुने प्रश्न उघडत गेली. दोन वर्षांतले एकवीस प्रश्न होते. एकवीस ठिकाणी त्यानं आभार मानले होते, एकदाही गावाचं नाव नव्हतं. सोळाव्या प्रश्नात एक फोटो सापडला. तापमापकाची वायर कुठून आत घ्यावी हे विचारायला त्यानं फ्रीझरच्या दाराचा फोटो टाकला होता. दाराच्या कडेला एक पिवळं स्टिकर दिसत होतं. आत्यानं फोटो मोठा केला, चष्मा काढून भिंग घेतलं. त्यावरचा दुरुस्तीवाल्याचा पत्ता पुसला गेला होता, फोन नंबर होता. शेवटचा इंग्रजी आकडा अर्धाच दिसत होता, तीन किंवा आठ.

"आठ," भाची म्हणाली.

"तीन. वरचा गोल बघ, डावीकडे उघडा आहे." अक्षरांच्या बाबतीत घरात आत्याचाच शब्द चाले. तिनं तीन लावला.

पलीकडे घणघण आवाज येत होता. "बोला ताई, लवकर बोला, मी शिडीवर आहे."

"तुम्ही इस्पितळातला दुधाचा फ्रीझर दुरुस्त करता का?"

"करत होतो. त्यांना काय झालंय? गेल्या वेळी मी सांगून आलो होतो की रबर गेलंय, बदला. ऐकतं कोण?"

"मला तिथला फोन नंबर हवाय. आत्ता."

"तुम्ही कोण?"

"मी..." आत्या अडखळली. "ते जे सॉफ्टवेअर आहे ना, त्याच्या पुस्तिकेतून एक ओळ सुटली आहे. म्हणून तिथला भोंगा बंद आहे."

"ओळ सुटली म्हणून भोंगा बंद?" तो हसला. "ताई, मी तीस वर्षं फ्रीझर दुरुस्त करतोय. गॅस सुटतो, बेल्ट सुटतो. ओळ सुटलेली पहिल्यांदाच ऐकतोय."

तरी भला माणूस. शिडीवरून उतरला, वही शोधली, नंबर दिला. "कार्यालयाचा नाही हां, तिथे कुणी उचलत नाही. बाळांच्या खोलीतला आहे. सिस्टर कडक आहेत, सांभाळून बोला."

एक वाजून वीस मिनिटं झाली होती.

भाची हळूच म्हणाली, "आत्या, 'ओळ सुटली' म्हणालीस."

"मग?"

"काही नाही. बरोबरच म्हणालीस. कुणी सोडली ते त्यांना कशाला हवंय? काम झाल्याशी मतलब."

आत्यानं चष्मा पुन्हा चढवला. तिनं नंबर लावला.

फोन बराच वेळ वाजला. मग एक दबका, धारदार आवाज आला. "कोण? हळू बोला. इथे नऊ बाळं आत्ता कुठे झोपली आहेत."

आत्यानं आवाज खाली आणला. दूधपेढी, सॉफ्टवेअर, पुस्तिका, सुटलेली ओळ, सगळं सांगितलं. ती बोलत असताना पलीकडे कुठेतरी यंत्राची टिकटिक ऐकू येत होती.

"झालं तुमचं?" सिस्टर म्हणाल्या. "आता माझं ऐका. पेढीला कुलूप आहे, दोन दिवसांचं दूध आधीच बाहेर काढून दिलंय. जादा किल्ली माझ्याकडे बंद पाकिटात आहे, ती फोडली तर मला लेखी उत्तर द्यावं लागतं. आतलं दूध तपासलेलं असतं, तिथे कुणीही शिरायचं नाही. आणि तुम्ही कोण, कुठून बोलताय, मला माहीत नाही. कुणीतरी फोन करतं, ओळ सुटली म्हणतं आणि मी जाऊन पाकीट फोडायचं?"

"सिस्टर, तुमचं बरोबर आहे, पण..."

"तंत्रज्ञ सगळं बघून गेलाय. जाताना मला सांगून गेला, हिरवा दिवा आहे. ठेवू का?"

बघा, माणसाच्या आयुष्यात असा एक श्वास येतो की तो आत घेतला तर एक वाट, बाहेर सोडला तर दुसरी. आत्याला समोर ती अकराशे चाळीस दुरुस्त्यांची यादी दिसत होती. संगणकाच्या कोपऱ्यात मिस्त्रीची नवी ओळ चमकत होती: "काही कळलं का?" भाची मान हलवत होती, नको म्हणून की हो म्हणून, देव जाणे.

"ठेवू नका," आत्या म्हणाली. "ओळ सुटलेली नाही, सिस्टर. मी काढली. तिथे एक ओळ दोनदा होती, मला वाटलं चूक आहे, म्हणून मी एक उडवली. कुणाला विचारलं नाही. तुमच्या तंत्रज्ञानं पुस्तिकेप्रमाणे सगळं बरोबर केलं, पुस्तिकाच मी बिघडवली. तो हिरवा दिवा खोटा आहे. मी साठी उलटलेली बाई आहे, घरी बसून हे काम करते. तुम्हाला पटवायला माझ्याजवळ दुसरं काही नाही."

टिकटिक चालू राहिली. आत्यानं ती मोजली, सात.

"इथे बावीस वर्षं फोन उचलतेय," सिस्टर शेवटी म्हणाल्या. "चूक माझी आहे म्हणणारा फोन हा पहिला. थांबा, दुसऱ्या मुलीला बाळांपाशी बसवते. फोन ठेवू नका."

पाकीट फाटल्याचा आवाज आला. मग चपलांचा, मग कुलपाचा. भाचीनं आत्याच्या खांद्यावर हात ठेवला होता आणि तो तिथेच विसरली होती.

"आत आले. हिरवा दिवा आहे. आकडा उणे वीस. सगळं व्यवस्थित दिसतंय, ताई."

"कोपऱ्यात घंटेचं चित्र?"

"नाही."

"मग तो आकडा सकाळचा आहे. टेबलावर छापलेला कागद असेल बघा. सहावी पायरी. ती पुन्हा करायची."

"त्याच्यापुढे बरोबरची खूण आहे. केलेली आहे."

"तीच पुन्हा करा."

सिस्टर पुटपुटत वाचत होत्या. कळ दाबल्याचा आवाज आला. आत्या डोळे मिटून बसली. मनात देवाचं नाव होतं, ओठ हलत नव्हते.

"पडदा काळा झाला. परत आला. हिरवा... घंटा आली. आणि आकडा..."

पुढचं काही ऐकू आलं नाही. भोंग्यानं फोन भरून टाकला. भाचीनं दचकून हात काढला. त्या आवाजाच्या मागून, भिंतीपलीकडून, आधी एक बाळ रडलं, मग दुसरं, मग सगळी.

"उणे अकरा," सिस्टर ओरडून सांगत होत्या. आता त्यांना हळू बोलायची पर्वा नव्हती. "उणे अकरा दाखवतंय. दार... अहो, दार नीट लागलेलंच नाही. ती तापमापकाची वायर रबरात अडकलीय. बोटभर फट आहे."

"वायर आत सारा आणि दार दाबून लावा."

"लावलं. थांबा, वरचा कप्पा बघते." बाटल्या एकमेकींवर आपटल्या. "वरच्या मऊ झाल्यात. खालच्या घट्ट आहेत, दगडासारख्या. खालच्या सगळ्या घट्ट आहेत, ताई."

खाली दोनशे तेरा बाटल्या होत्या. संध्याकाळपर्यंत ती फट तशीच राहिली असती तर त्यातली एक उरली नसती, आणि दोन दिवसांनी नऊ बाळांच्या वाटीत काय घालायचं हा प्रश्न कुणाच्या तरी अंगावर धावून आला असता. वरच्या कप्प्यातल्या अकरा बाटल्या मात्र गेल्या. एकदा मऊ पडलेलं दूध पुन्हा गोठवत नाहीत, तसा नियमच आहे. सिस्टरनी भोंगा बंद केला, आकडा उतरेपर्यंत वीस मिनिटं तिथेच उभ्या राहिल्या, आणि वीस मिनिटं आत्याही फोन कानाला लावून बसली. मधे एकदाच सिस्टर म्हणाल्या, "झोपवायला दीड तास लागला होता मला त्यांना." आत्या म्हणाली, "माफ करा." त्या म्हणाल्या, "रडू दे. फुप्फुसं मोठी होतील."

फोन ठेवल्यावर भाचीनं गार झालेलं ताट उचललं. "मी म्हणाले होते ते चुकलं," ती म्हणाली. "गप्प बस म्हणाले ते."

"तू गप्प बस म्हणाली नव्हतीस. आणि ओळ परत टाक आधी, हे म्हणालीस तूच."

मग आत्या संगणकाकडे वळली. चर्चापानावर, सगळ्यांना दिसेल असं, तिनं लिहिलं: "सहाव्या पायरीतली दुसरी ओळ मी काढली होती. का आहे हे न विचारता काढली. त्यामुळे एका दूधपेढीचा भोंगा बंद राहिला आणि अकरा बाटल्या वाया गेल्या. थंडोबांची काही चूक नाही. ओळ परत घातली आहे, आणि ती दोनदा का लागते हे तिच्याखाली लिहिलं आहे. याआधी मी वगळलेली प्रत्येक ओळ मी पुन्हा तपासते. तोवर माझी नवी दुरुस्ती कुणी मान्य करू नये."

मग मिस्त्रीनं लिहिलं: "ओळ दोनदा मी लिहिली होती. का, ते लिहायचा कंटाळा केला. वाचणाऱ्याला कळेल असं गृहीत धरलं. आणि वगळल्यावर मान्य करणाऱ्यानं, म्हणजे मीच, न वाचता होकार दिला. माझंही नाव तुमच्या शेजारी लिहा." आणि वाट न पाहता त्यानं स्वतःच ते लिहिलं.

रात्री थंडोबाचा निरोप आला. तो गाडीत होता, फोन बंद होता. दाराच्या वायरीबद्दल त्यानं स्वतःला दहा वेळा दोष दिला. आत्यानं त्याला एवढंच कळवलं की दार कुणाकडूनही उघडं राहतं, म्हणून तर भोंगा असतो.

दोन दिवस आत्या जुन्या दुरुस्त्या उकरत बसली. वगळलेल्या ओळी एकशे सहा निघाल्या. एकशे चार ठीक होत्या. उरलेल्या दोन ओळींबद्दल तिनं मिस्त्रीला विचारलं, आणि त्यातली एक परत घातली.

तिसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला. दबका, धारदार आवाज होता.

"लेखी उत्तर दिलं मी," सिस्टर म्हणाल्या. "तुमचं म्हणणं जसंच्या तसं लिहिलं. रबरही बदलतायत. पण फोन त्यासाठी केला नाही. त्या अकरा बाटल्यांचं सांगायचं होतं."

आत्या खाली बसली.

"अकराही एकाच बाईच्या होत्या. दिवसाआड येते, दोन बस बदलून. घरी स्वतःचं लहान आहे, ते सासूपाशी ठेवते. दूध टाकावं लागलं तर देणाऱ्याला सांगायचं असा आमचा नियम आहे. आज ती आली तेव्हा मीच सांगितलं. म्हटलं, बाई, तुझं पंधरा दिवसांचं सगळं मोरीत गेलं. कुणाची चूक, कशी झाली, तेही सांगितलं."

"काय म्हणाली?"

"आधी बाटल्या ठेवायची ती रिकामी जाळी बघत उभी राहिली. डोळे भरले तिचे, खोटं कशाला सांगू. मग पदरानं तोंड पुसलं आणि मला म्हणाली, 'सिस्टर, उभ्यानं होत नाही हे काम. खुर्ची द्या.' बसली. आज दोन बाटल्या देऊन गेली."

सिस्टरच्या मागे कुठलंतरी बाळ कुरकुरत होतं, त्याला कुणीतरी थोपटत होतं.

"तिचं नाव काय?" आत्यानं विचारलं.

"ते सांगायची परवानगी नाही. बाटलीवरही नुसता आकडाच असतो."

तर मंडळी, गोष्ट एवढीच. आज घरी जाल, देवापुढे हात जोडाल, आपल्या माणसांची नावं घ्याल. ती घेऊन झाली की एक क्षण थांबा आणि त्या बाईला आठवा, जिचं नाव तुम्हाला ठाऊक नाही, मलाही नाही. दूध मोरीत गेल्याचं ऐकून जिनं खुर्ची मागितली, तिला.